चालचलन अतिउत्तम

माघ सरत आला आणि शेतातला दिवेला तडकायला लागला. एरंडाला बडोद्याकडची मराठी माणसंही दिवेलाच म्हणतात, आणि तो कुणाची वाट बघत थांबत नाही. घोस पिकला की दोन-चार दिवसांत उतरवावा लागतो, नाहीतर उन्हात फळ फुटून बी मातीत उडतं. कुसुमावती सकाळपासून एकटीच घोस मोडत होती. काट्यांनी तिच्या बोटांची पेरं सुजली होती. दरसाल या दिवसांत दोलतपुऱ्याच्या सात-आठ बायका ओळीनं तिच्याबरोबर असायच्या आणि गप्पांनी शेत डोक्यावर घ्यायच्या. यंदा एकही फिरकली नाही. रस्त्यात भेटल्या की "आवीश ने कुसुमबेन, काले आवीश," उद्या नक्की येते, असं म्हणून गोड हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावात कामाला जायच्या. खुन्याच्या शेतात कोण कशाला येईल?

अजून तो खुनी ठरला नव्हता. खटला चालू होता. पण निकालासाठी थांबायची गावाला सवय नसते.

सत्त्याण्णवच्या वैशाखात, भर दुपारी, शेजारच्या शेताचा मालक रयजीभाई बांधावर मरून पडलेला सापडला. मानेवर एकच वार होता, धारियाचा. धारिया म्हणजे लांब दांड्याचा कोयता. बाभळीचा पाला पाडायला तो घरोघरी असतो. पण रयजीभाईचं बांधावरून भांडण होतं ते फक्त जगतापांशी. बडोद्याच्या गोत्रीकडच्या सोसायट्या सरकत सरकत गावाच्या वेशीला भिडल्या होत्या, जमिनीला कधी नव्हे तो भाव आला होता, आणि बिल्डरला शेत देण्याआधी रयजीभाईनं बांध तीन हात अलीकडं ओढला होता. तिसऱ्या दिवशी पोलिसांची जीप आली आणि धनाजीराव जगतापांच्या एकुलत्या एका मुलाला, कुसुमच्या नवऱ्याला, गोविंदला घेऊन गेली. गोठ्यातला धारियाही नेला. त्यावर रक्ताचा थेंब मिळाला नाही. वार करताना बघितलेलं कुणी नव्हतं. तरी दहा महिने गोविंद आतच होता. सहा वर्षांच्या भक्तीला कुसुमनं बडोद्याला भावाकडे ठेवलं होतं, कारण शाळेत मुलं तिला नको ते विचारायची.

आता खरी गोष्ट सांगायची तर कुसुमलाही आपल्या नवऱ्याची खात्री नव्हती. ती हे कुणाला बोलली नव्हती, पण दिवसातून दहा वेळा स्वतःशी बोलत होती.

त्या दुपारी कुठं होतास, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा गोविंद म्हणाला होता, "गोठ्यात. मशीनवर कुट्टी करत होतो." कुसुमनंही जबाबात तेच सांगितलं. पण कडबा कापायचं मशीन तीन फेजच्या लाईटवर चालतं, आणि त्या आठवड्यात लाईट दुपारी तीनच्या आत येत नव्हती. रयजीभाई बाराच्या सुमाराला मेला. कुसुम तेव्हा नदीकडच्या तुकड्यात चारा कापत होती. घरी आली तेव्हा गोविंद हौदाच्या कडेला बसला होता, आणि त्याच्या कपाळावरून घाम नुसता निथळत होता. मशीनपाशी मूठभरसुद्धा कुट्टी पडलेली नव्हती.

आणि त्याच्या हाताचं तिला माहीत होतं. लग्न होऊन एकच वर्ष झालं होतं तेव्हा. दाहोदकडचा वेस्ता नावाचा गडी शेतावर होता. एका दुपारी अंगणात ओरडा झाला आणि वेस्ता पडवीत आला, डावा हात उजव्या हातानं धरून. दोन बोटं नव्हती. कुसुमनं लुगडं फाडून हळद भरून हात बांधला. सासू येसूबाईनं तिला आत ओढलं आणि कानाशी म्हणाली, "गोविंदानं केलं. बांधावरचा आंबा तोडला म्हणून धारिया फेकून मारला. कुठं बोलू नको हं सूनबाई, त्याचा हात असाच आहे." मग गोविंदनं वेस्ताला स्कूटरवर मागं बसवून कुठंतरी नेलं. घरानं त्याला एक पाडी देऊन गावी पाठवलं आणि प्रकरण मिटलं. पण कुसुमच्या मनात ते मिटलं नाही. तेव्हापासून नवरा बाहेरून आला की ती आधी त्याच्या हातांकडे बघायची आणि मग तोंडाकडे. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, हे खरं. पण भीतीला हिशेब कळत नाही.

त्या दिवशी तिसरा भारा डोक्यावर घेऊन ती घरी आली तेव्हा धनाजीराव पडवीत बसून दिवेला बडवत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पाठ अजून ताठ, मिशा पांढऱ्याशुभ्र, धोतर परटाकडून आल्यासारखं. त्यांचे वडील पिलाजीराव बडोदा संस्थानच्या घोडदळात दफेदार होते. राज्य विलीन झालं, घोडे विकले गेले, आणि पिलाजीरावांना ही जमीन आणि एक कागद मिळाला. तो कागद काचेत घालून पडवीच्या भिंतीवर लावलेला होता. त्यावर वरून खालपर्यंत नावगाव, नोकरीची वर्षं, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत 'चालचलन: अतिउत्तम'. खंडेनवमीला जगतापांच्या घरी तलवारीबरोबर तो कागद पाटावर मांडत, त्याला गंधफूल वाहत, आणि घरातल्या कर्त्या पुरुषानं तो उभ्यानं मोठ्यानं वाचायचा. नवी सून घरात आली की पहिल्या नवमीला तिला तो ऐकायला पुढं बसवत. गावातले पाटीदार यावरून हसत. जगतापांना त्याचं काही वाटत नसे.

"उद्या गुणवंतराव वकिलांकडे जायचं आहे ने?" धनाजीराव म्हणाले. "मीपण येतो."

गुणवंतरावांचं ऑफिस बडोद्याला मांडवीत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. त्यांचे आजोबा संस्थानात कारभारी होते, म्हणून ते जगतापांना घरच्यासारखं बोलत आणि घरच्यासारखंच रागावत. खालून पितळी पातेली आपटल्याचे आवाज येत होते.

"कुसुम, एक सांग," ते म्हणाले. "गोविंद मशीनवर होता, हे तू डोळ्यांनी पाहिलंस?"

"नाही. त्यांनी सांगितलं."

"मग ते ऐकीव. तुला मी उभी करत नाही." कुसुमचा जीव भांड्यात पडला, आणि पडला याची तिला लाजही वाटली. गुणवंतराव बोलतच होते. "कोर्टात तीन गोष्टी असतात. स्वतः पाहिलेलं चालतं. आरोपीच्या तोंडून स्वतःच्या कानांनी ऐकलेलं चालतं. तिसऱ्यानं चौथ्याला सांगितलेलं चालत नाही. गावातले अकरा लोक आणलेत त्यांनी, आणि अकराच्या अकरा सांगतात, लोक असं म्हणतात. जज्जसाहेबांनी एकाचंही लिहून घेतलं नाही. फक्त रयजीभाईच्या बायकोचं घेतील. मेलेला माणूस मरणाबद्दल काही बोलून गेला असला तर त्याला कायद्यात जागा आहे. तो परत येऊन सांगणार नाही ने."

"आणि आमच्या गोविंदाच्या चांगल्या वागणुकीचं?" धनाजीरावांनी विचारलं. "घराण्याचं? ते नाही सांगायचं?"

गुणवंतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाबासाहेब, नीट ऐका. दाहोदकडच्या त्या वेस्ताला पोलिसांनी शोधून आणलंय. सरकारी वकिलानं दोनदा अर्ज दिला, याची साक्ष घ्या म्हणून. दोनदा साहेबांनी नाही म्हटलं. का? आरोपी आधी कसा वागला यावरून त्यानं खून केला असं ठरवायचं नाही, हा कायदा आहे. पण आपण एकदा म्हटलं की माझा माणूस चांगला, की ते दार उघडतं. मग ते म्हणणार, चांगला ने? थांबा, दाखवतो कसा चांगला. तुम्हाला मी फक्त बांधाचं विचारणार. नकाशा, मोजणी, बस. चांगला हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"म्हणजे खरं बोलायचं नाही?"

"विचारलं तेवढं बोलायचं."

म्हाताऱ्यानं मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. वेस्ताचं नाव निघाल्यापासून त्यांचा हात धोतराच्या सोग्याशी चाळा करत होता. कुसुमनं ते पाहिलं आणि तिला वाटलं, लेकाचं पाप बाहेर येणार म्हणून म्हातारा धसकला.

समजूबेनची, म्हणजे रयजीभाईच्या बायकोची, साक्ष सोमवारी झाली. कोर्टाच्या, म्हणजे न्यायमंदिराच्या, उंच दालनात पंखा फिरत होता आणि वारा कुणालाच लागत नव्हता. कामकाज गुजरातीत चालायचं. कुसुमला ते घरच्या मराठीइतकंच कळत होतं. समजूबेन डोक्यावरचा पदर दातात धरून बोलत होती. मरायच्या आठ दिवस आधी डेअरीत भांडण झालं, घरी येऊन रयजीभाई म्हणाला, शेढ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, तो मला एक दिवस कापणार.

गुणवंतराव उठले. "त्यानं गोविंदचं नाव घेतलं?"

"नाव कशाला घ्यायला पाहिजे? सगळं गाव जाणतं."

"घेतलं की नाही?"

"नाही घेतलं," समजूबेन म्हणाली, "पण दुसरं कोण असणार? त्याचा म्हातारा बाप, डोसा, तर देवमाणूस आहे." आणि ती रडायला लागली. खाली बसलेल्या कुसुमलाही रडू आलं. दहा महिन्यांपूर्वीपर्यंत दोघी एकमेकींच्या घरी विरजण मागायला जात होत्या.

डेअरीतलं भांडण कुसुमनंही ऐकलं होतं, म्हणजे ऐकलं होतं ते दुसऱ्यांकडून. दूध घालायच्या रांगेत रयजीभाई धनाजीरावांना सगळ्यांदेखत म्हणाला, "राजा गेला, काका. त्याच्या कागदात आता शेंगा बांधा." लोक हसले. मग म्हणे गोविंद रयजीभाईच्या अंगावर धावला. कुणी म्हणे गळपट्टी धरली, कुणी म्हणे किटली उगारली. जितकी तोंडं तितके गोविंद.

दुपारच्या सुट्टीत हवालदारानं दया दाखवली आणि कुसुमला व्हरांड्यात नवऱ्याशी बोलू दिलं. तिनं मेथीचे ठेपले आणले होते. गोविंद बारीक झाला होता. तिनं सवयीनं आधी त्याच्या हातांकडे बघितलं. नखं वाढली होती.

"बाबांना उभं करू नका," तो हळूच म्हणाला.

"वकील तर म्हणतात फक्त बांधाचं विचारणार."

"बांधाचंपण नको. कुसुम, काहीही कर. बाबांना त्या पिंजऱ्यात चढू देऊ नको."

त्याचा आवाज कापत होता. या दहा महिन्यांत तो एकदाही असा घाबरलेला दिसला नव्हता. बापाला बोलू द्यायला हा भितो, म्हणजे बापाला काहीतरी माहीत आहे. तिनं ठेपल्याचा डबा त्याच्या हातात दिला आणि पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्यानं सांगितलं असतं तर?

घरी आल्यावर ती सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, ते म्हणतात तुम्ही साक्ष नका देऊ." धनाजीराव स्टुलावर उभं राहून भिंतीवरचा कागद काढत होते. त्यांनी काच धोतराच्या सोग्यानं पुसली.

"मुलगा आत आहे आणि मी घरी बसून दिवेला बडवू?" ते म्हणाले. "सूनबाई, आपल्या घराचं एवढंच तर आहे."

त्यानंतरचे तीन दिवस कुसुमनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. पहाटे चार म्हशींच्या धारा, डेअरी, शेण, मग शेत. डेअरीच्या रांगेत तिच्या पुढची बाई एक पाऊल पुढं सरकायची आणि मागची एक पाऊल मागं. फॅट काढणारा माणूस तिच्या दुधाची बाटली दोनदा हलवून बघायचा. आधी कधी बघत नव्हता. खून केलेल्या घरचं दूधसुद्धा पातळ असणार, असं त्याला वाटत असावं. घोस मोडताना ती मनाशी म्हणायची, यांनी केलं असेल तर देवा, मला कळू देऊ नको. आणि पुढच्या घोसाला म्हणायची, नाही, कळू दे. सुटून घरी आले तर त्यांच्या शेजारी कशी राहू मी?

गुरुवारी धनाजीराव पिंजऱ्यात उभे राहिले. गुणवंतरावांनी बांधाचं विचारलं, मोजणीचं विचारलं. म्हाताऱ्यानं चोख उत्तरं दिली. "बस, एवढंच," म्हणून गुणवंतराव खाली बसणार तोच धनाजीरावांनी काखेतली पिशवी उघडली आणि काचेचा कागद बाहेर काढला.

"साहेब, अजून आहे," ते म्हणाले. गुणवंतराव हातानं खुणा करत होते. पण खुणा बघायला म्हाताऱ्याचं लक्ष कुठं होतं! खंडेनवमीला उभे राहत तसे ते उभे राहिले आणि कागद मोठ्यानं वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत. 'चालचलन: अतिउत्तम'. मग म्हणाले, "अशा घरातला मुलगा आहे हा. त्यानं आजवर मुंगीवरही हात उचलला नाही."

जन्मठेप डोक्यावर लटकत असताना पोराच्या पायाखालची फळी अशी काढणं जगतापांनाच जमावं. गुणवंतरावांनी कपाळाला हात लावला. आरोपीच्या जागी गोविंदनं डोळे मिटून घेतले.

सरकारी वकील उभा राहिला तो हसतच. "साहेब, आता तर मला विचारायची परवानगी आहे ना?" साहेबांनी गुणवंतरावांकडे बघितलं, मग मान हलवली.

"काका, तुमच्या मुलानं कधी कुणावर हत्यार चालवलं नाही?"

"नाही."

"वेस्ता, ऊभो था."

मागच्या बाकावरून एक काळा, वाळका माणूस उठला. कुसुमला तो ओळखायलाही आला नाही. त्यानं डावा हात वर केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं. दालनात कुजबुज झाली.

"ह्याची बोटं कुणी तोडली, काका? शपथ घेतली आहे तुम्ही. हातात वडिलांचा कागद आहे."

धनाजीराव त्या हाताकडे बघत राहिले. टंकलेखकानं बोटं मशीनवरून उचलून मांडीवर ठेवली.

"मी," ते म्हणाले.

"मोठ्यानं बोला."

"मी तोडली. मुलानं नाही. तो तेव्हा डेअरीत होता. मी तोडली आणि घरात मुलाचं नाव सांगायला लावलं. कागद मी वाचायचो ना दरसाल, माझ्यावर डाग कसा चालला असता? त्याला अजून वाचायचा होता."

सरकारी वकिलाचं हसू विरलं. म्हातारा मुलासाठी खोटं बोलतोय, असं तो साहेबांना सांगू लागला. साहेबांनी त्याला थांबवलं आणि वेस्तालाच पिंजऱ्यात घेऊन विचारलं.

"डोसाए, साहेब," वेस्ता म्हणाला. "छोकरो तो मने दवाखाने लई गयो. स्कूटर पर."

"मग पोलिसांना तू हे का नाही सांगितलंस?"

"मने कोईए पूछ्युं ज नहीं. कहे, हाथ बताव. में हाथ बताव्यो."

कुसुमच्या कानांत शिट्टी वाजल्यासारखं होत होतं. हात तिनं बांधला होता, रक्त तिनं पुसलं होतं, पण मारताना तिनं कुणाला बघितलं होतं? येसूबाईनं कानात सांगितलं होतं, तेवढंच. आणि येसूबाई दोन वर्षांपूर्वी वारली होती. तिला आता कुणी पिंजऱ्यात बोलावणार नव्हतं. सहा-सात वर्षं कुसुम एका माणसाच्या हातांना भीत आली होती, आणि ते हात जखमी गड्याला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेणारे होते. तिला नवऱ्याकडे बघवेना. तिनं मान वर केली तेव्हा तो तिच्याकडेच बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं नावसुद्धा नव्हतं.

परतीच्या एसटीत धनाजीराव खिडकीशी बसले, मांडीवर पिशवी. कुसुम त्यांच्या शेजारी. गाडीनं गोत्री सोडली तेव्हा तिला धोतर आठवलं.

त्या वैशाखातल्या दुपारी ती भारा घेऊन घरी आली, तेव्हा दोरीवर ओलं धोतर होतं. सकाळची धुणी तर वाळून केव्हाच घडी झाली होती. उन्हाळ्यात मामंजी दुपारची दुसरी अंघोळ करतात, असं वाटून तिनं त्याकडे बघितलंही नव्हतं. आणि घरात धारिये दोन होते. एक पोलिसांनी नेला. दुसरा कुणाला तरी दिला, असं मामंजी म्हणाले होते. कुणाला, ते तिनं विचारलं नव्हतं. देवमाणसाला काय विचारायचं?

आणि डेअरीत गोविंद धावला, तो रयजीभाईच्या अंगावर, की बापाला धरून मागं ओढायला?

तिनं स्वतःला फटकारलं. एकानं बोटं तोडली म्हणजे मानही त्यानंच तोडली, असं म्हणायचं नसतं. वकिलांनी हेच तर सांगितलं होतं. नवऱ्याच्या बाबतीत हीच चूक केलीस ना, कुसुम? आता सासऱ्यावर आलीस. पण कोर्टाला अर्ज फेटाळता येतो. बाईला मनातलं फेटाळता येत नाही. सासऱ्यांचा गुडघा गाडीच्या हिसक्यानं तिच्या गुडघ्याला लागला आणि ती अंग चोरून बसली.

फाल्गुनात निकाल लागला. संशय दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही, असं साहेबांनी वाचून दाखवलं आणि गोविंद सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोलतपुऱ्याच्या सहा बायका विळे घेऊन शेतात हजर. "अमने तो खबर ज हती, कुसुमबेन," आम्हाला ठाऊकच होतं, असं एकीनं म्हटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुसुमनं त्यांना ओळी वाटून दिल्या. दिवेला अर्धा मातीत गेला होता, उरलेला तरी घरी यायला हवा होता.

चार दिवस गोविंद मुकाट्यानं कामाला लागला. जेवायचा, गोठा बघायचा, बापाशी आणि बायकोशी गरजेपुरतं बोलायचा. कुसुमनं एकदा त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मला माफ करा." कशाबद्दल, ते त्यानं विचारलं नाही. त्याला सगळं कळलेलं होतं आणि ते फार दिवसांपासून कळलेलं असावं.

पाचव्या दिवशी दुपारी धनाजीराव पडवीत खाटेवर बसले होते. कोर्टातून आल्यापासून कागद त्यांनी भिंतीला लावलाच नव्हता. मोकळा खिळा होता आणि त्याखाली चुन्याचा पांढरा चौकोन. कुसुम चहा घेऊन आली. गोविंद समोर गोठ्यात कडब्याच्या पेंढ्या सोडत होता.

"बस सूनबाई," धनाजीराव म्हणाले. "पोलिसांनी गोविंदाला विचारलं, तुला विचारलं, समजूला विचारलं. वाटेनं जाणाऱ्या शेळीवाल्यालासुद्धा विचारलं, त्या दुपारी कोण कुठं होतं. अकरा माणसं कोर्टात नेली." त्यांनी बशी खाली ठेवली. चहा तसाच होता. "मला कुणी विचारलं नाही. आजतागायत नाही. वाट बघत होतो मी. त्या दिवशी पिंजऱ्यात बोटांचं विचारलं, मला वाटलं आता पुढचं विचारतील. तेही नाही."

कुसुम खाली बसली.

"मग मी विचारते, मामंजी. कुठं होतात?"

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं आणि गोठ्यात मशीन सुरू झालं. लाईट नुकतीच आली होती. सगळी पडवी थरथरायला लागली. धनाजीरावांचे ओठ हलत होते, मिशा हलत होत्या, आणि शब्द एकही ऐकू येत नव्हता. कुसुमनं गोठ्याकडे बघितलं. मशीनच्या तोंडात कडबा नव्हता. पातं रिकामंच फिरत होतं आणि गोविंद खटक्यावर हात ठेवून पाठमोरा उभा होता.

ती चालत गेली. त्याचा हात तिनं बाजूला केला. "राहू दे, कुसुम," तो म्हणाला असावा. तिनं खटका खाली ओढला. जड चाक थांबायला वेळ लागतो. ते थांबेपर्यंत ती तिथंच उभी राहिली, मग परत खाटेपाशी आली.

"पुन्हा सांगा."

"बांधावर होतो," धनाजीराव म्हणाले. आवाज नवमीला असायचा तसाच स्वच्छ होता. "त्यानं ओढलेल्या बांधाचे खुंट काढायला गेलो होतो. तो आला आणि परत त्या कागदाचं बोलला. शेंगांचं. धारिया जुन्या विहिरीत आहे. गोविंदा मागून धावत आला, पण तोवर झालं होतं. त्यानंच मला घरी आणलं, अंघोळ घातली आणि गप्प बसायला शपथ घातली."

"आणि दहा महिने तुम्ही बसलात? ते आत असताना?"

म्हाताऱ्याची पाठ पहिल्यांदाच वाकली. "कागदानं त्याला सोडवून आणीन, असं वाटलं," ते म्हणाले. "खरंच वाटलं गं."

गोविंद पडवीच्या पायरीशी आला होता. केसांत कडब्याचा भुसा.

"ऐकायचं नव्हतंस," तो कुसुमला म्हणाला. "म्हणून मशीन लावलं. आजवर तुझ्यापाशी होतं ते सगळं ऐकीव होतं, संशय होता. कुणी विचारलं तर माहीत नाही म्हणता आलं असतं. आता त्यांच्या तोंडून ऐकलंस. आता तू साक्षीदार झालीस."

म्हशी रेकायला लागल्या. कुसुमनं चरवी घेतली, धारा काढल्या, किटली भरली. हातांना काम माहीत होतं, म्हणून ते झालं.

डेअरीत संध्याकाळची रांग लागली होती. आता कुणी पाऊल पुढं-मागं करत नव्हतं. तिच्या पुढं समजूबेन होती, पांढऱ्या साडीत, लहानशी किटली घेऊन. रयजीभाई गेल्यापासून तिच्याकडे एकच म्हैस उरली होती. दूध मोजून झाल्यावर ती वळली आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा कुसुमशी बोलली.

"तारो ससरो साचो माणस, हं," समजूबेन म्हणाली. "भर कोर्टात स्वतःचा गुन्हा सांगायला छाती लागते. मी तुझ्या वराकडे बोट दाखवलं ते चुकलं बेन. आता कोणावर संशय धरू, मला समज पडत नाही." तिनं पदरानं डोळे पुसले आणि किटली उचलून रस्त्याला लागली.

फॅटवाल्यानं कुसुमपुढं हात केला. तिनं किटली त्याच्या फळीवर ठेवली आणि ती रांगेतून बाहेर आली.

"समजूबेन," तिनं हाक मारली, "थांबा जरा."